फिरोजी टाइलवर परत परत जाळं पडतंय? ग्लेझ बदलण्याआधी टाइल फोडून बघा

प्रॉब्लेम सगळीकडे सारखाच असतो. टाइल भट्टीतून निघते तेव्हा एक नंबर, फिरोजी रंग हवा तसा, हात फिरवला तर कुठे खरखर नाही, कमिटीवाले खुश, मिस्त्री खुश, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गावभर फिरतात. आणि मग महिना-दोन महिन्यांनी, बहुतेक वेळा चार मोठे पाऊस पडून गेले की त्याच टाइलवर बारीक चिरांचं जाळं दिसायला लागतं. आधी वाटतं धूळ आहे, पुसलं की जाईल, पुसल्यावर चिरा आणखी ठळक होतात कारण फडक्यावरचा मळ त्यांच्यात बसतो. मग ग्लेझवाल्याला, म्हणजे टाइलवरच्या काचेसारख्या थराचा माल देणाऱ्याला फोन. तो म्हणतो थर पातळ मारा. पातळ मारला की पुढचा लॉट बरा वाटतो, पुढच्या पावसाळ्यात परत जाळं.

खान्देशात जुन्या मशिदी, दर्गे, मकबरे भरपूर. फारुकी घराण्याचं राज्य इथे १३८२ ते १६०१, म्हणजे अकबराने असीरगड घेईपर्यंत चाललं, थाळनेरला त्यांचे मकबरे आजही उभे आहेत, नंतरची राजधानी बुऱ्हाणपूर. आता गावोगावी कमिट्यांकडे थोडाफार पैसा आलाय, दुरुस्त्या निघतात, आणि जिथे मेहराबीवर किंवा कमानीच्या वर निळ्या-फिरोजी टाइल्सची पट्टी असते तिथे चार-सहा तुटलेल्या टाइल्स नव्या बनवून द्या अशी ऑर्डर येते. माझी भट्टी धुळे-जळगाव पट्ट्यात आहे त्यामुळे असली कामं माझ्याकडे येतात, आणि दुसऱ्याने केलेली बिघडलेली कामं तर जास्तच येतात. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

तोडग्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. जाळं ग्लेझवर दिसतं म्हणून सगळे ग्लेझच्या मागे लागतात, पण दहातल्या आठ वेळा दुखणं खालच्या बॉडीत, म्हणजे ग्लेझखालच्या मूळ टाइलीत असतं आणि उरलेल्या दोन वेळा भिंतीत.

आधी ओळखा, नेमकं काय झालंय

फोनवर सगळेच म्हणतात "टाइल तडकली". पण तडकण्याचे प्रकार वेगळे आणि त्यांचे इलाजही एकमेकांच्या उलटे असतात, त्यामुळे चुकीचं ओळखलं तर तुम्ही प्रॉब्लेम वाढवता.

टाइल कोरडी करा, फाउंटन पेनची निळी किंवा काळी शाई कापसाने चोळा, पाच मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसा. शाई चिरांमध्ये राहून पूर्ण जाळं उठून दिसलं, सगळीकडे साधारण सारख्या आकाराचे तुकडे, आणि ग्लेझ कुठेच उचललेलं नाही, तर ते जाळंच. म्हणजे ग्लेझ ताणाखाली आहे.

कडांवर नखाने ओढल्यावर ग्लेझची धारदार कपची निघत असेल, कोपरे सोलल्यासारखे दिसत असतील, तर ते बरोबर उलटं आहे. तिथे ग्लेझ दाबाखाली आहे, जागा कमी पडतेय म्हणून उडतंय. आता यात कोणी "जाळ्याचा इलाज" म्हणून ग्लेझमध्ये आणखी क्वार्ट्झ (गारगोटीची पूड) घातली तर सोलणं वाढणारच.

तिसरा प्रकार आपल्याकडे फार दिसतो, आणि बाहेरच्या लोकांना तो चटकन ओळखू येत नाही. ग्लेझवर मध्येच एक गोल खड्डा, शेंगदाण्याच्या फोलपटाएवढी टिकली उडालेली, आणि खड्ड्याच्या अगदी तळाला एक पांढरा ठिपका. भिंग असेल तर बघा, ठिपका भुसभुशीत असतो, सुईने टोचला की पीठ होतो. तो चुनखडीचा कण. आपल्या काळ्या रानात चुनखडी किती असते ते नांगर धरणाऱ्याला सांगायला नको. भट्टीत त्या कणाची चुनकळी होते, नंतर हवेतली ओल पिऊन ती फुगते, आणि फुगताना वरची टिकली उडवते. भट्टीतून निघाल्यावर चार दिवसांनी, आठ दिवसांनी, कधी महिन्यानेही. तापीकाठच्या एका गावात वीटभट्टीवर एक म्हातारे कुंभारबाबा आहेत, मी माती विचारायला गेलो तर ढेकूळ हातात घेऊन फोडलं आणि म्हणाले, "भाऊ, माटीमा चुनखडा शे, तो आज नही त सकाय बोली." म्हणजे मातीत चुनखडा आहे, तो आज नाही तर उद्या बोलणारच. त्यांनी निदान करायला अर्धा मिनिट घेतला, लॅबवाले आठ दिवस घेतात.

याचा इलाज सोपा आहे, कंटाळवाणा आहे एवढंच. बाथरूम साफ करायच्या अ‍ॅसिडचे दोन थेंब कोरड्या मातीवर टाका, हातात रबरी मोजे घालून आणि उघड्यावर. फसफसलं तर चुना आहे. मग एकतर ती माती सोडा, नाहीतर पाण्यात पूर्ण कालवून ८० मेशच्या (इंचाला ८० भोकं) जाळीतून गाळा. नुसती कुटून चाळलेली माती चालत नाही, कुटताना चुनखडीचेही बारीक कण होतात आणि जाळीतून खाली जातात, पाण्यात विरघळवली की माती सुटते आणि खडा खडाच राहतो. अगदी पिठासारखा बारीक चुना मातीत सारखा मिसळलेला असेल तर तो टिकल्या उडवत नाही, त्रास फक्त खड्यांचा.

चौथा प्रकार, टाइलच्या कडेने पांढरी भुकटी, टाइल फुगून पुढे आलेली किंवा ग्लेझचा मोठा पापुद्रा मागे पांढरी रवाळ पावडर घेऊन पडलेला. तो लोणा, म्हणजे भिंतीतला खार. त्याचं खाली भिंतीच्या भागात बोलू, भट्टीवाल्याचा त्यात दोष नसतो.

जाळं का पडतं

ग्लेझ म्हणजे काचच. भट्टी थंड होताना बॉडीही आकसते आणि ग्लेझही आकसतं. दोघं चिकटलेले आहेत, त्यामुळे ग्लेझला बॉडीपेक्षा जास्त आकसायचं असेल तर त्याला जागा पुरत नाही, धुवून आटलेला सदरा ओढूनताणून अंगात घातला की शिवणीत उसवतो तसं ते फाटतं. काच दाब भरपूर सहन करते, ताण अजिबात नाही. म्हणून ग्लेझ नेहमी थोडंसं दाबाखाली पाहिजे, म्हणजे बॉडी ग्लेझपेक्षा किंचित जास्त आकसली पाहिजे.

आता फिरोजी रंगाची अडचण बघा. तो रंग तांब्याचा. पण तांबं सगळ्या ग्लेझमध्ये फिरोजी होत नाही. शिशाच्या ग्लेझमध्ये तेच तांबं पोपटी-हिरवं होतं. ग्लेझमध्ये चायना क्ले जास्त झाली तरी हिरव्याकडे झुकतं. खरा फिरोजी हवा असेल तर ग्लेझ सोडा-पोटॅशने भरलेलं आणि क्ले अगदी कमी असलेलं लागतं. आणि सोडा हा सगळ्यात जास्त आकसणारा पदार्थ. म्हणजे जितका रंग मशिदीतल्या जुन्या टाइलसारखा येईल तितकं ग्लेझ जास्त आकसणार. बाजारात तयार मिळणारी पारदर्शक फ्रिट, म्हणजे ग्लेझसाठी आधीच वितळवून दळलेली काच, लाल मातीवर जाळं न पडता बसते, खरं आहे, पण त्यात तांबं घातलं की हिरवट मळकट रंग येतो, मग कमिटीतले चाचा जुन्या टाइलशेजारी नवी धरतात आणि म्हणतात "बेटा, हा तो रंग नाही". चाचांचं बरोबर असतं.

मग रंग येतो तेव्हा जाळं पडतं, जाळं जातं तेव्हा रंग जातो. या चक्रात लोक वर्षभर फिरतात. बाहेर पडायचा रस्ता एकच, बॉडी बदला.

आमच्याकडे आलेला जुन्या टाइलचा एक तुकडा मी काडेपेटीएवढा फोडून घेतला होता, आधीच पडलेल्या चुऱ्यातला, भिंतीवरचा नाही. आतून लाल नाहीच. मळकट पांढरा, खडीसाखर जाडसर कुटल्यावर दिसते तसा रवा, भिंगाखाली कण चमकतात, नखाने खरवडलं तर कण सुटून बोटाला लागतात. वरती दीड-दोन मिलिमीटरचा ग्लेझ, आणि बॉडी-ग्लेझच्या मधली रेघ स्पष्ट नाही, ग्लेझ थोडं आत मुरलेलं. ही मातीची टाइल नाहीच, ही क्वार्ट्झची टाइल आहे, माती नावापुरती.

इराणात काशान गावच्या कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमने १३०१ साली हे प्रमाण लिहून ठेवलंय: दहा भाग कुटलेली गारगोटी, एक भाग काचेची पूड, एक भाग पांढरी माती. सात शतकं झाली त्याला. जयपूरची ब्लू पॉटरीही याच प्रकारातली, क्वार्ट्झ, काच, थोडी मुलतानी माती, टाकणखार, कतीरा डिंक, चाकावर नीट चढत नाही म्हणून मुख्यतः साच्यात बनते. क्वार्ट्झ थंड होताना ५७३ डिग्रीला एकदम आकसते, आणि अशा बॉडीत तीच भरलेली असल्यामुळे अख्खी टाइल एवढी आकसते की सोड्याचं ग्लेझ तिच्यावर आरामात बसतं. जुन्या लोकांनी ही बॉडी फक्त पांढरेपणासाठी धरली असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही, पांढरेपणा मातीवर पांढरा अस्तर देऊनही मिळतो, फिरोजीला धरून ठेवणारी बॉडी तशी मिळत नाही.

दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्यावरच्या छत्र्यांच्या (छोट्या घुमट्यांच्या) टाइल्स नव्याने बनवताना आगा खान ट्रस्ट फॉर कल्चरने उझबेकिस्तानहून कारागीर आणून निजामुद्दीन वस्तीतल्या पोरांना शिकवलं. टाइल तर गुजरातच्या मोरबीला कारखान्यांत पाहिजे तेवढी मिळते, पण कारखान्याची टाइल तिथे चालत नाही.

आता दुसरी गोष्ट, जाळं लगेच का दिसत नाही. ग्लेझ बॉडीला फारच विजोड असेल तर भट्टी उघडल्या उघडल्या टिंग टिंग असा बारीक आवाज येतो, कान देऊन ऐका, तो जाळं पडतानाचा आवाज आहे. पण थोडक्यात हुकलेलं असेल तर टाइल ताणाखाली गप्प राहते. ९००-१००० डिग्रीला भाजलेली मातीची बॉडी सच्छिद्र असते, महिनोन्महिने हवेतली ओल पिते आणि अगदी किंचित फुगते. तो किंचित फुगवटा ग्लेझला पुरतो. म्हणून पावसाळ्यात जाळं पडतं. मे महिन्यात भुसावळला ४५ डिग्रीत वाळलेली टाइल जुलैत नव्वद टक्के आर्द्रतेत गेली की काय होणार. लोक म्हणतात "पाणी लागलं म्हणून तडकली". पाणी फक्त निमित्त, ताण आधीपासून होता.

कुकरची टेस्ट

लॅबमध्ये टाइलच्या जाळ्याची तपासणी वाफेच्या बंद भांड्यात करतात, ५०० किलोपास्कल दाब, १५९ डिग्री, दोन तास. आपल्याकडे ते यंत्र नाही, पण कुकर आहे. घरचा कुकर साधारण १२० डिग्रीपर्यंतच जातो, त्यामुळे टेस्ट तेवढी कडक होत नाही, तरी काठावरचे लॉट पकडते. भंगारातून जुना पाच लिटरचा घ्या, शिटी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र नवे बसवा. घरातला नेऊ नका, एकतर तांबं-शिसं असलेली वस्तू शिजवलेल्या कुकरात परत डाळ शिजवायची नाही, आणि दुसरं म्हणजे घरची माणसं बोलतात ते वेगळंच. तळाला पाणी, वर जाळी, जाळीवर टाइलचा तुकडा उभा, पाण्याला लागू द्यायचा नाही. मंद गॅसवर दोन तास, मध्ये पाणी संपणार नाही हे बघा. नंतर कुकर आपोआप गार होऊ द्या, वाफ काढून घाई केली तर थंडीच्या झटक्यानेच जाळं पडेल आणि उगाच लॉट नापास होईल. मग शाई चोळा. जाळं नाही? परत एकदा. प्रत्येक भट्टीतून वरच्या, मधल्या आणि खालच्या फळीची एकेक टाइल अशी तपासायची, कारण एकाच भट्टीत वर आणि खाली तापमान सारखं नसतं.

बॉडी बनवताना नडणाऱ्या गोष्टी

तापीची वाळू घेऊ नका. दिसायला बारीक छान असते पण आपला सगळा दगड बेसाल्ट, काळा, लोखंडाचा, वाळूत क्वार्ट्झ थोडीच. अशा वाळूची बॉडी तपकिरी होते आणि आकसायलाही पुरत नाही. क्वार्ट्झ पावडर राजस्थानातून येते, स्वस्त आहे, २०० ते ३०० मेश घ्या. जाड रव्याचा परिणाम कमी पडतो आणि टाइलच्या कडा भुसभुशीत राहतात.

काचेची पूड बाटल्या फोडून होते, रंगीत बाटल्या बाजूला काढा. माझं मत, स्वतःची फ्रिट बनवलेली बरी: क्वार्ट्झ आणि सोडा अ‍ॅश, थोडा चुना, कुठाळीत (मुशीत) वितळवायची, लाल रस पाण्यात ओतायचा म्हणजे तडकून खडे होतात, मग बॉल मिलमध्ये दळायचे. हीच फ्रिट पुढे ग्लेझलाही कामाला येते. माणसं इथे शॉर्टकट मारतात, धुण्याचा सोडा सरळ ग्लेझच्या बादलीत टाकतात. सोडा पाण्यात विरघळतो, टाइल वाळताना पाण्यासोबत वर येतो, कडांना साचतो, आणि भाजल्यावर मध्यभागी कोरडं, कडेला जाड आणि बुडबुडे. कडेलाच जाळं जास्त दिसतं त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं. वितळवून काच केली की सोडा पाण्यात पळत नाही.

केळीच्या खांबांच्या राखेबद्दल बरेच जण विचारतात, रावेर-यावल पट्ट्यात फुकट मिळते म्हणून. राखेत पोटॅश भरपूर असतं, रंग सुरेख येतो, मी ती वापरतोही, पण शेताशेताची राख वेगळी, खत वेगळं, त्यामुळे दर पोत्याला नवी टेस्ट करावी लागते. चार टाइल्सच्या कामाला मजा आहे, चारशेच्या कामाला डोकेदुखी.

क्वार्ट्झच्या बॉडीला चिकटपणा नसतो, साच्यात दाबली तरी कडा ढासळतात. जयपूरवाले कतीरा वापरतात, मी धावड्याचा डिंक वापरतो, सातपुड्यातून आलेला, शिरपूर-चोपडा बाजारात मिळतो, तोच आपण लाडवात घालतो. रात्री भिजवायचा, फडक्यातून गाळायचा, बॉडीत कणीक मळावी तसं मळायचं पण सैल नाही, मूठ दाबली तर गोळा राहावा इतपतच. उन्हाळ्यात डिंकाचं पाणी दुसऱ्या दिवशी आंबतं, रोज ताजं करा.

वाळवणं. आपल्याकडे मार्चनंतर बारा वाजता शेडचं दार उघडं राहिलं तर लू आत शिरते आणि टाइलची वरची बाजू वाळते, खालची ओली राहते, चारही कोपरे वर. अशी वाकडी टाइल भिंतीवर बसवताना मिस्त्री मागे मसाला भरभरून भरतो आणि पुढची सगळी भानगड तिथून सुरू होते. टाइल्स दोन फळ्यांच्या मध्ये, फळीवर गोणपाट, पहिला दिवस वरून ओलं फडकं, मग हळूहळू उघड्या करा. पहाटे उघडा, दुपारी झाका.

ही बॉडी मातीसारखी आटत नाही. मातीची टाइल वाळून भाजून इंचाला सूतभरापर्यंत बारीक होते, ही जवळपास साच्याएवढीच राहते. जुन्या साच्यात आटण धरून मोठं माप काढलेलं असेल तर टाइल पट्टीत बसणारच नाही आणि मिस्त्री ग्राइंडर घेऊन कडा घासेल, घासल्या की ग्लेझच्या कडेला बारीक चिरा, त्यातून पाणी. साचा नवा काढा.

भट्टी

जयपूरच्या मिश्रणात टाकणखार-काच जास्त असल्याने ते ८०० ते ८५० डिग्रीत होतं, दहा-एक-एक वालं तेवढ्यात कच्चं राहतं, हजाराच्या आसपास न्यावंच लागतं. फक्त पायरोमीटरच्या, म्हणजे भट्टीच्या तापमापकाच्या आकड्यावर जाऊ नका, त्याची सुई एका जागेचं तापमान सांगते. तिन्ही फळ्यांवर कोन ठेवा, म्हणजे ठरलेल्या उष्णतेला वाकणारे मातीचे सुळके.

थंड करताना ६०० पासून ५०० पर्यंत भट्टीला हात लावायचा नाही. क्वार्ट्झ याच पट्ट्यात उडी मारते. इलेक्ट्रिक भट्टी असेल तर आपल्याकडची लाइट कधी जाईल सांगता येत नाही, ७०० ला लाइट गेली आणि भट्टीला नीट इन्सुलेशन नसेल तर ती भराभर उतरते आणि टाइल सरळ मधून चिरते. ही चीर जाळ्यासारखी दिसत नाही, एकच लांब चीर असते, धार तीक्ष्ण, बॉडीतून आरपार. ग्लेझला दोष देऊ नका. भट्टीवर सिरॅमिक ब्लँकेटचा आणखी एक थर टाका आणि दाराच्या फटी बुजवा, काम होतं.

लाकडाची किंवा गॅसची भट्टी असेल आणि फिरोजीऐवजी तांबूस काळपट डाग आले तर धूर कोंडलाय, हवा वाढवा. रंगावर धातूसारखी काळी साय आली तर तांबं जास्त झालंय. तांब्याचा ऑक्साइड दोन-तीन टक्के बास, कोबाल्ट तर अर्धा ते एक टक्का पुष्कळ होतो, त्याच्यावर गेलात की निळा काळ्याकडे जातो. आणि निळा-फिरोजी एकमेकांत पळत असतील तर मधली काळी रेघ मँगनीजची, तेलात कालवून काढा. तेल पाण्याच्या ग्लेझला अडवतं, जुन्या टाइल्सवर ती काळी रेघ नक्षीसोबत हेही काम करते.

हे सगळं करताना तोंडाला साधा रुमाल नाही, चांगला एन ९५ मास्क. क्वार्ट्झची धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. शेड झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. पिवळ्यासाठी शिसं वापरणार असाल तर ते काम पोरांच्या हातात देऊ नका आणि शेडमध्ये डबा खाऊ नका.

टाइल चांगली, भिंत वाईट

आता उरलेले दोन. टाइल कुकरमधून पास झाली, शाई धरत नाही, आणि तरीही भिंतीवर चढवल्यावर दोन वर्षांत पापुद्रे सुटले. मागे हमखास सिमेंट सापडतं.

जुनी भिंत चुन्याची. तिच्यात खालून ओल चढते, काळ्या रानातलं खारं पाणी असेल तर खार घेऊन चढते, आणि चुन्याच्या सांध्यांतून ती ओल हळूहळू बाहेर पडते. सांधे सिमेंटने बंद केले की तिला वाट राहत नाही, ती टाइलच्या सच्छिद्र पाठीत शिरते. शिवाय सिमेंट स्वतःचे क्षारही घेऊन येतं. टाइलच्या पुढे ग्लेझ, म्हणजे काचेचं दार बंद. पाणी उडतं, क्षार ग्लेझच्या मागे रवा धरतात, रवा वाढतो आणि ग्लेझ ढकलून पाडतो. पीओपीवर बसवलेल्या टाइल्सचं तर विचारूच नका, जिप्सम ओलीत विरघळतं.

मेहराबीच्या खालच्या दोन ओळींनाच जास्त त्रास असेल तर ओल खालून येतेय. एका बाजूलाच असेल तर त्या बाजूला वजूखाना (नमाजाआधी हातपाय धुवायची जागा) किंवा पन्हाळीचं पाणी मुरतंय का बघा, नळाचा बारीक गळका सांधाही पुरतो. एका मशिदीत टाइल्स दोनदा बदलल्या होत्या, कोणी छतावर चढून बघितलं नव्हतं, पन्हाळीच्या तोंडाशी पिंपळाचं रोप आणि मागे पाण्याचं डबकं. आधी पाण्याची वाट बंद करा, मग भिंत एक पूर्ण उन्हाळा वाळू द्या, मग टाइल्सचा विचार.

लोणा लागलेल्या भिंतीवर कागदाचा लगदा साध्या शुद्ध पाण्यात कालवून थापायचा, वाळला की काढून टाकायचा, लगद्यात खार ओढला जातो, परत थापायचा, जिभेला खारटपणा लागेनासा होईपर्यंत. हो, चाखूनच बघतात जुने मिस्त्री, मी मात्र सांगतो की चिमूटभर लगदा पाण्यात ढवळून पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावा, दोन-तीनशे रुपयात मिळतो.

बसवायला भिजवलेला मुरलेला चुना आणि विटांची सुरखी. बेलफळाचा गर, हिरडा, गूळ घालायची आपल्याकडे पद्धत आहे, घाला, गूळ हात राखून. बसवायच्या आधी टाइलची पाठ पाण्यात बुडवून ओली करा नाहीतर ती चुन्यातलं पाणी शोषून घेते आणि चुना धरत नाही. हे काम एप्रिल-मेमध्ये करू नका, चुना पकडण्याआधीच वाळून भुगा होतो. दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंतचे दिवस बरे. आणि वरून सिलिकॉन किंवा वॉटरप्रूफ कोट मारायला कोणी सांगितलं तर हात जोडा. आतलं पाणी आणि खार त्याने आतच कोंडतात.

परवानगीचं एका वाक्यात सांगतो, इमारत केंद्राच्या किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित असेल तर एक टाइलही त्यांना विचारल्याशिवाय काढायची नाही, नसेल तरी मुतवल्ली (मशीद-दर्ग्याची व्यवस्था बघणारा) आणि वक्फचं लेखी घ्या. आणि चांगली जुनी टाइल नव्या टाइल्सचा सेट एकसारखा दिसावा म्हणून काढू नका, हा आग्रह कमिटीकडून नेहमी येतो. नव्या टाइलच्या पाठीवर साल कोरा, म्हणजे पन्नास वर्षांनी कोणाला जुनी-नवी कळेल.

आधीच बसवलेल्या, जाळं पडलेल्या टाइल्सचं काय? बोटाच्या पेराने ठोका. आवाज भरीव आला आणि ग्लेझ उचललेलं नाही तर राहू द्या. जुन्या टाइल्सवरही जाळं असतंच, चारशे वर्षं टिकल्यात त्या, कारण त्यांची पाठ चुन्याची आहे आणि ग्लेझ बॉडीत मुरलेलं आहे. पोकळ डबडब आवाज आला तरच काढा, तेही सांध्यातला मसाला बारीक पट्टीने खरवडून, छिन्नी-हातोडा नको.

मला फोटो पाठवायचे असतील तर नुसता समोरचा पाठवू नका. फुटलेल्या तुकड्याची कड, टाइलची पाठ मसाल्यासकट, शाई चोळलेला भाग, आणि ती भिंत बाहेरच्या बाजूने, पन्हाळीपासून जोत्यापर्यंत. एवढ्यावर बहुतेक वेळा सांगता येतं की भट्टीकडे जायचं की गवंड्याकडे.